आत्याकडे ठेवलेला कोयता

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कुणी विचारले की मी नातालीन आत्याचे नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, आत्याने फी भरली असेल, नाहीतर शहरात कुणाकडे शब्द टाकला असेल. तसे काही नाही. मी बी.ए. होईपर्यंत तिने माझा कोयता सांभाळला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचे फाटकही पाहिले नव्हते. मी त्यातून आत गेलो आणि पदवी घेऊन बाहेर आलो, कारण त्या सगळ्या वर्षांत कोयता माझ्या हातात नव्हता.

नातालीन आत्या ही माझ्या वडिलांची, जुजाची, थोरली बहीण. नाताळच्या आठवड्यात जन्मली म्हणून नातालीन. लग्न होऊन ती आमच्या वटार गावातून वटारमध्येच गेली. आळीत आधी तिचे घर, मग पास्कूचे, मग आमचे. उंच, काळीसावळी, लाल लुगडे घट्ट नेसलेली, डोक्यावर केळीची पाटी घेऊन आगाशीच्या बाजाराला निघाली की समोरून येणारी बैलगाडी बाजूला व्हायची. घरी आम्ही आमच्या आळीच्या बोलीत बोलायचो. इथे मी तिचे बोलणे पुष्कळसे शाळेच्या मराठीत लिहितो आहे, तिने ऐकले असते तर म्हणाली असती, "माझ्या तोंडाला इस्त्री केलीस काय रे?"

आमचे आणि पास्कूचे वैर विहिरीवरून सुरू झाले. विहीर दोघांची, रहाट एक आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पास्कूने रहाट काढून डिझेलचे इंजिन बसवले. त्याची वाडी भिजून होईपर्यंत विहिरीचा तळ दिसू लागे आणि आमच्या पाळीला चिखल उरे. बाबांनी मिस्सानंतर, म्हणजे रविवारची उपासना आटोपल्यावर, चर्चच्या आवारात चार जाणत्यांसमोर गोष्ट काढली. निवाडा बाबांच्या बाजूने झाला. आमच्या पाळीच्या आदल्या दिवशी इंजिन बंद ठेवायचे, असे ठरले. पास्कू मागे वळला. टोपी घातली आणि गेला.

पुढच्या रविवारी चर्चचा सण होता. सगळे गाव मिस्साला, घरे ओस. आम्ही परतलो तेव्हा आमची राजेळी केळीची बाग आडवी झालेली होती. घड धरलेली केळ न् केळ, कंबरेतून कापलेली. बाबा त्या वर्षी सुकेळ्यांसाठी केळी उन्हात वाळवायचे मांडव बांधून बसले होते.

कुणी पाहिले नव्हते. पण आत्याने एक गोष्ट पाहिली होती. मिस्सानंतरच्या मिरवणुकीत छत्राचा एक दांडा धरायचा मान त्या वर्षी पास्कूचा होता. तो धावतपळत उशिरा आला आणि त्याने दांडा धरायला हात वर केला, तेव्हा त्याच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर केळीचा चीक पडलेला होता. अजून पुरता काळा पडला नव्हता, तपकिरी होत होता. आमच्याकडे लहान पोरसुद्धा चांगल्या कपड्यांनी केळीला हात लावत नाही, कारण तो डाग जन्मात निघत नाही. पण छत्राची वेळ चुकेल म्हणून पास्कूला कपडे बदलायला सवड झाली नाही. मान सोडवत नव्हता, सूडही सोडवत नव्हता. आत्या म्हणायची, "केळीचा डाग काढायचा साबण देवाकडे पण नाय."

बाबा त्यानंतर विहिरीच्या काठावर बसून राहत. जेवायला हाक मारली तर म्हणत, "तुम्ही जेवा." पाऊस संपता संपता ते खंगून गेले. पोलिसात जायला पुरावा नव्हता. बाहीवरच्या डागाची फिर्याद कोण घेणार? मातीच्या दिवशी सगळ्यांबरोबर पास्कूही खड्ड्याशी आला, मूठभर माती टाकायला. मी त्याच्या हातावर फटका मारला. माती त्याच्याच पायांवर पडली. फादरांनी मला मागे ओढले. आत्या जागची हलली नाही. एवढेच म्हणाली, "पाय झाड आणि जा, पास्कू."

बाबांना जाऊन महिना झाला त्या मिस्साला फादर म्हणाले, क्षमा कर. आई म्हणाली, विसर. मी नुकताच मॅट्रिक पास होऊन कॉलेजात जाऊ लागलो होतो. त्याच संध्याकाळी मी बाबांचा केळी कापायचा कोयता घेऊन निघालो. पास्कूच्या घराच्या अलीकडे, आळीच्या क्रूसापाशी, आत्या मेणबत्ती लावत होती. तिने वळून आधी कोयत्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कुठं?"

"तुला माहीत आहे."

"मेलेला कोण?"

"म्हणजे?"

"तुझा बाप मेला. माझा भाऊ मेला. तू त्याला किती वर्षं ओळखतोस रे? मी त्याला कडेवर घेऊन फिरवलाय, त्याचं नाक पुसलंय. सूड आधी माझा, मग तुझा. रांगेत उभा राहा."

मी म्हणालो, "मग तू घे. तू काय करतेस? रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतेस."

"त्याच्यासाठी?" ती उसळली. "कुणी सांगितलं? त्याच्या विरुद्ध करते. रोज नाव घेऊन सांगते, या मेल्याने माझा जुजा मारला, विसरू नकोस. देवाला पण कामं असतात. रोज सांगावं लागतं, नाहीतर आपला कागद खाली जातो."

मग ती वाटेतच, मधोमध, फतकल मारून बसली. "सूड घेऊ नको म्हणत नाय मी. घे. पण आता नाय. आता तू त्याला मारलास तर त्यांचा एक माणूस जाईल आणि आपले दोन. हा कसला सूड? हा तर तोटा. कॉलेजात जातोस ना? कोयता घेऊन वर्गात बसू देतात? दे इकडे. शिकून ये. बी.ए.चा कागद दाखव आणि कोयता घेऊन जा. क्रूसापुढे सांगते, अडवणार नाय."

माझ्याजवळचे काही कायमचे काढून न घेणारी ती एकटीच होती. फादरांना माझा राग नष्ट करायचा होता, आईला तो पुरायचा होता. आत्या तो ठेवून घ्यायला तयार होती. मी कोयता दिला.

तिने तो घरच्या वेदीमागे ठेवला, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीआड. तिच्याकडे विजेचा दिवा होता, आमच्याकडे अजून आलेला नव्हता, म्हणून मी अभ्यासाला तिच्याच घरी असे. पुस्तकातून मान वर केली की तसबिरीच्या कडेने कोयत्याची मूठ दिसायची. शनिवारी वेदी पुसताना ती कोयता खाली घेई, खोबरेल लावी, बोट फिरवून धार पाही. "गंजला तर म्हणशील आत्याने फसवलं." तिची सून हे पाहून कपाळावर क्रूसाची खूण करी. त्यावर आत्या म्हणे, "घाबरतेस काय? देवाच्या घरात सगळ्यांचं सामान असतं."

तिचा सूड मोठा नियमशीर होता. तेव्हा लॅटिनऐवजी मिस्सा मराठीत होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मिस्सामध्ये शेजाऱ्याकडे वळून हात जोडून शांती द्यायची नवी पद्धत आली होती. लोक लाजत, आजूबाजूला पुटपुटत. आत्या उभी राही, सगळी बाके ओलांडून नजर पास्कूवर नेई, आणि हात जोडून मोठ्याने म्हणे, "शांती असो." पास्कू मान खाली घालेपर्यंत ती हात सोडत नसे. मला हसू येई. ती म्हणे, "फादरांनीच सांगितलंय द्यायला. मी देते. त्याला पेलत नाय तर मी काय करू?"

आणि तरीही ती त्याच्या अंगणात जात असे. त्याला कारण मातेची मूर्ती. ऑक्टोबरात मारियामातेची मूर्ती आमच्या आळीत घरोघर फिरते. एका घरी एक दिवस मुक्काम, संध्याकाळी रोझरीची प्रार्थना, दुसऱ्या संध्याकाळी त्या घरच्याने ती दोन्ही हातांनी पुढच्या घरी पोचवायची. पास्कूच्या घरून मूर्ती आमच्याकडे येत असे. बाबा गेल्यावर आईने सांगितले, त्या हातांनी आणलेली माता मी घरात घेणार नाही. तेव्हापासून आत्या आपल्या घरची मूर्ती पास्कूकडे नेई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या दारात जाऊन तीच मूर्ती आमच्याकडे आणी. कुणी छेडले तर म्हणे, "मी पूल आहे. माझ्यावरून चाला. थुंकू नका म्हणजे झालं."

मी एकदा चिडून विचारले, "त्याच्या दारात तुझे पाय कसे पडतात?"

ती सुकेळी गुंडाळत होती. काम न थांबवता म्हणाली, "सकाळी शिव्या घालून झालेल्या असतात ना. माणसासमोर घातल्या की परत येतात. देवासमोर घातल्या की तिथंच राहतात. मी वेदीपुढून उठते तेव्हा माझे हात रिकामे. रिकाम्या हातांनी कुठंही जाता येतं." मग म्हणाली, "तू बघ. तुझं ओझं तू रात्री उशाला घेतोस आणि सकाळी डोक्यावर. देवाला सांग की. तो काय तुझ्याच ओझ्याने मोडणार आहे? आणि तू झोपशील तरी."

मी सांगत नव्हतो. पण तिच्या वेदीखालच्या चटईवर मला झोप लागायची हे खरे. घरी लागत नसे.

मधल्या काळात विहीर खारी झाली. आजूबाजूच्या सगळ्याच वाड्यांत इंजिने आली होती, आणि समुद्र जमिनीखालून आत सरकला. पास्कूच्या केळी पिवळ्या पडल्या. मी धावत जाऊन आत्याला सांगितले. तिचे डोळे चमकले. "देवाने ऐकलं!" मग तिला आमची वाडी आठवली. "आपली पण तीच विहीर, पोरा. हा देव सूड घेतो तेव्हा शेजाऱ्यालाही भिजवतो." त्या दिवशी तिने पास्कूला शिव्या घातल्या आणि देवालाही चार सुनावल्या.

जूनमध्ये माझा निकाल लागला. मी पास झालो. आत्याने आगाशीच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगितले. कोयता मागितला तर म्हणाली, "निकाल नको. कागद दाखव. शिक्क्याचा." कागद यायला ऑक्टोबर उजाडला. तोवर डहाणूकडच्या एका शाळेत मला नोकरीचे पत्रही मिळाले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचे होते. मी प्रमाणपत्र तिच्यापुढे धरले. तिने हात पदराला पुसून शिक्क्यावरून बोट फिरवले, मग वेदीमागून कोयता काढला. तेल लावलेला, धार लावलेला.

"वचन म्हणजे वचन," ती म्हणाली. "जा. पण जातोच आहेस त्याच्याकडे, तर एक काम कर. आज माता माझ्याकडून त्याच्याकडे जायची आहे. माझे गुडघे धरलेत. तू ने."

मी काही म्हणायच्या आत तिने कोयता माझ्या कमरेला मागे कोयत्यासाठी बांधतात त्या आकडीला अडकवला आणि मूर्ती माझ्या दोन्ही हातांत दिली. "मूर्ती नेणाराने तिथं रोझरी सांगायची असते, ठाऊक आहे ना? पुरी सांग. मग तुझं काय ते कर."

पास्कूच्या दारात मेणबत्त्या लावून सगळे उभे होते. त्याच्या बायकोने आधी मूर्ती पाहिली, मग मला, आणि मी आत वळलो तेव्हा माझ्या पाठीवरचा कोयता. मातेला दारातून परतवता येत नाही. मी मूर्ती वेदीवर ठेवली आणि गुडघे टेकले. प्रार्थना सांगणारा सर्वांत पुढे असतो, बाकीचे त्याच्या मागे. तेव्हा माझ्या लक्षात आले की पास्कू बरोबर माझ्या पाठीशी गुडघे टेकून बसला आहे, कोयत्याची मूठ त्याच्यासमोर आहे, आणि ती माझ्या हातापेक्षा त्याच्या हाताला जवळ आहे. माझी मान उघडी होती. मी जपमाळ काढली.

ज्यांनी रोझरी म्हटलेली नाही त्यांना सांगायला हवे. रोझरीत पाच रहस्ये असतात, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे. प्रत्येक प्रार्थनेचे दोन भाग असतात. पुढारी पहिला भाग म्हणतो, त्यात देवाची आणि मातेची स्तुती. मागचे लोक दुसरा भाग म्हणतात. भाकर मागणे त्यांच्याकडे, अपराधांची क्षमा मागणे त्यांच्याकडे, आणि स्वतःला पापी म्हणणेही त्यांच्याकडे. लहानपणापासून मी हे म्हणत आलो होतो. त्या घरात पहिल्यांदा ऐकले.

मी पहिला भाग म्हटला. मागून बायकोचा आणि मुलींचा आवाज आला. पास्कूचा आला नाही. दुसऱ्या रहस्यालाही नाही. तिसऱ्याला मी थांबलो. बायकोने आणि मुलींनी उत्तर दिले होते, तरी मी पुढे गेलो नाही. स्वर्गातील बापाची तीच प्रार्थना, तोच पहिला भाग, मी पुन्हा म्हटला. सगळे गप्प. मी पुन्हा म्हटला. प्रार्थना चाबकासारखी मारता येते हे मला त्या दिवशी कळले.

"बोला हो," त्याची बायको हळूच म्हणाली.

मग पास्कू बोलला. एकटाच. एकेक शब्द टाकत त्याने भाकर मागितली, आणि मग, माझ्या पाठीकडे तोंड करून, क्षमा मागितली. मला ते फार गोड वाटले. इतकी वर्षे मी याचीच वाट पाहत होतो. मी पुढचा मणी धरला, त्याने उत्तर दिले. पुढचा धरला. प्रत्येक मण्याला त्याचा आवाज मोठा होत गेला आणि माझा बारीक. पाचव्या रहस्यापर्यंत मला कळेना की मी म्हणवून घेतो आहे की तो मला पुढे ढकलतो आहे. पाठीला कोयता होता आणि तो मला आठवत नव्हता.

निघताना पास्कू दारापर्यंत आला. म्हातारा झाला होता. "तो शर्ट मी जाळला, इनास," तो म्हणाला. "डाग दिसतोच."

माझ्याकडे त्याला द्यायला चांगला शब्द नव्हता, आणि वाईट संपले होते.

आत्या ओट्यावर बसली होती. कोयता मी तिच्या बाजूला ठेवला. तिने तो पाहिला, हात लावला नाही.

"बोलला?"

"बोलला."

"मोठ्यानं?"

"आळीत ऐकू गेलं असेल."

"मग जुजाला पण गेलं असेल." तिने डोळे मिटले. म्हणाली, "उद्यापासून सकाळी वेदीपुढे काय बोलू, सुचत नाय बघ."

तिने हे सारे आधीच योजले होते का, हे मी कधी विचारले नाही. ती आता नाही. तिच्या मातीला पास्कू आला होता. त्याच्या मुठीकडे मी पाहिले नाही. तिला अक्षरओळख नव्हती, पण मी डहाणूहून पत्र पाठवले की सून ते मोठ्याने वाची. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याच्या नावापुढे 'बी.ए.' लिहायचे, अशी आत्याची सक्त आज्ञा होती, कारण पोस्टमन पास्कूच्या ओट्यावर बसून टपाल लावायचा. "पास्कूला वाचता येतं. वाचू दे." त्याच्या मुलाचे शिक्षण मॅट्रिकला अडले होते. मी दर वेळी ठळक लिहीत असे. त्या रोझरीनंतरच्या ऑक्टोबराआधी मी तिला पाठवलेले पत्र आत्या गेल्यावर तिच्या सुनेने मला परत दिले. ते असे:

प्रिय नातालीन आत्या,

सप्रेम नमस्कार. मी बरा आहे. मुले आता माझे ऐकतात, म्हणजे मागच्या बाकावरची सोडून.

तुझे गुडघे बरे नाहीत असे कळले. या ऑक्टोबरात तू पास्कूकडून माता उचलून आमच्याकडे नेऊ नकोस. पूल पुष्कळ वर्षे वापरला. पास्कूला सांग, त्याने स्वतः आणावी. मी गेल्या सुट्टीत आईला विचारले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दार उघडीन. चहा देणार नाय." चहाचे तू बघ.

बाबांचा कोयता तुझ्या वाडीत वापर. वेदीमागे नको. केळी कापायलाच तो केला होता.

सुट्टीत येईन तेव्हा वेदीखालची चटई घालून ठेव. इथे खोली चांगली आहे, वारा येतो. झोपही येते आता, कारण तू सांगितलेस तसे मी रात्री देवाला सगळे सांगून टाकतो, शिव्यांसकट. पण तुझ्या घरची झोप ती तुझ्या घरची.

तुझा,
इनास

ता.क. या वेळी पाकिटावर बी.ए. लिहिलेले नाही. विसरलो नाही.